शुगर आहे, साखर द्या

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडल्या, त्याच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अक्का दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात कापडाच्या दुकानाची पिशवी, पिशवीत हॉस्पिटलची फाईल. आत या म्हटलं तरी उंबऱ्यातच थांबल्या.

"बाई, इंग्लिशमधी एक चिठ्ठी लिहून द्या की. पोराच्या शाळेत द्यायची हाय."

अक्का आमच्याच गल्लीतल्या. घरात तेलुगू बोलतात, माझ्याशी मराठी आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराशी कन्नड. सोलापूरच्या पूर्व भागात याचं कुणाला नवल वाटत नाही. त्यांचा जन्म विड्या वळण्यात गेला. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू; बोटं आपली आपण चालत असतात. मुलगा टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहे. नातू नऊ वर्षांचा. इंग्रजी शाळेत जाणारा त्या घरातला तो पहिलाच.

मी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते. त्यामुळे गल्लीतले बँकेचे फॉर्म, कोर्टाची पत्रं, गोळ्यांच्या पाकिटावरचा मजकूर असं सगळं माझ्याकडे येतं. पण या वेळचं काम निराळं होतं. पोराच्या डायरीत वर्गशिक्षिकेनं शेरा लिहिला होता की तो सारखा वर्गाबाहेर जातो आणि तास चालू असताना खातो. पालकांनी खुलासा करावा, इंग्रजीत.

मी फाईल उघडली. डिस्चार्ज कार्डाच्या पहिल्याच ओळीत होतं: 'न्यूली डायग्नोस्ड टी-वन-डी-एम विथ डी-के-ए'. नुसती अक्षरं. ती उलगडली की टाईप वन डायबेटिस मेलिटस, आणि त्यातून उद्भवलेली डायबेटिक किटोॲसिडोसिस नावाची जिवावरची अवस्था. घरच्यांच्या हाती मात्र यातलं एकच वाक्य आलं होतं: पोराला शुगर आहे.

अक्कांनी आवाज खाली आणला. "बाई, एक विचारू का? दिवाळीत नाय, त्याच्या आधीपास्नं मी त्याला रोज एक लाडू देत होते. शाळेतनं आला की. त्यानं झालं का ओ हे?"

त्या प्रश्नापाशी मी बराच वेळ थांबले. चिठ्ठी राहिली बाजूला.

*

कारण 'शुगर' या शब्दाशी माझंही एक जुनं देणं आहे.

माझ्या आईला साठीच्या आत शुगर निघाली. आपल्याकडे हा आजार होत नाही, तो 'निघतो'. बीपी निघतं, शुगर निघते, जणू अंगात कुठेतरी दडून बसलेलं काही तपासणीवाल्यानं ओढून काढलं. क्रियापद चुकीचं नाही. टाईप टूमध्ये, म्हणजे सहसा मोठ्या माणसांना होणाऱ्या प्रकारात, ती खरोखरच वर्षानुवर्षं आत असते आणि दुसऱ्याच कशासाठी रक्त तपासलं की कागदावर उतरते. उपाशीपोटी 126 किंवा त्याहून जास्त, किंवा तीन महिन्यांची सरासरी साडेसहा टक्के किंवा त्याहून जास्त, असे आकडे निघाले की नाव लागतं. आईचं नाव लागलं आणि घरात साखरेचा डबा वरच्या फळीवर गेला. आमच्या लेखी आजार म्हणजे तो डबा. डबा वर ठेवला की आजार वर ठेवला.

आषाढी एकादशी होती. पंढरपूर आमच्याच जिल्ह्यात, वारीचे दिवस, आणि आईचा उपास. तिनं सकाळची गोळी घेतली, कारण गोळी चुकवायची नाही हे तिला पक्कं माहीत होतं. फराळ मात्र चहापलीकडे काही केला नाही. तिची गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन, म्हणजे रक्तातली साखर उतरवणारं हार्मोन, सोडायला लावणारी होती. पोटात अन्न असो वा नसो, ती आपलं काम करणारच. दुपारी तिला दरदरून घाम फुटला. हात थरथरायला लागले. मला ओळखूनही ती मला माझ्या मावशीच्या नावानं हाक मारू लागली. मग भिंत धरत धरत स्वयंपाकघरात गेली आणि गुळाच्या डब्यात हात घातला.

मी तिच्या हातातला गुळाचा खडा काढून घेतला.

"आई, शुगर आहे ना तुला? वाढेल!"

तिनं दोनदा हात पुढे केला. मी दोनदा मागे सारला. माझ्या मनात त्या क्षणी कसलीही शंका नव्हती. मी तिची काळजी घेत होते. इंग्रजीची एम.ए. बाई, 'शुगर' या शब्दाचा अर्थ मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पाच मिनिटांत ती फरशीवर कोसळली. दवाखान्यात बोटाला सुई लावली तेव्हा आकडा 38 आला. साखर वाढली नव्हती, जिवावर बेतेल इतकी उतरली होती. सलाईनमधून ग्लुकोज चढलं आणि तिनं डोळे उघडले. उघडल्या उघडल्या म्हणाली, "एकादशी मोडली का गं?"

ती त्यानंतर अकरा वर्षं जगली. तिनं मला त्या खड्यावरून कधी बोल लावला नाही. पण तिचं शरीर बरोबर सांगत होतं. तिच्या शरीरापेक्षा मी एका शब्दावर जास्त विश्वास ठेवला, आणि तो शब्द अर्धवट होता.

*

म्हणून मी नंतर त्या शब्दांच्या मागे लागले. डॉक्टरकी येत नाही, पण शब्द उलगडायला येतात.

'डायबेटिस' मूळचा ग्रीक. 'दिया' म्हणजे आरपार, आणि 'बायनेइन' म्हणजे जाणं. आरपार निघून जाणारं ते डायबेटिस. त्याच शब्दाचा ग्रीकांतला एक अर्थ होता वक्रनलिका, म्हणजे पाणी ओढून घेणारी नळी. हे सोलापूरकराला समजावून सांगायला नको. आमच्याकडे नळाला पाणी चार-चार, पाच-पाच दिवसांनी येतं. बॅरल भरून ठेवायचे आणि मग एक नळी बॅरलात सोडून तिचं दुसरं टोक तोंडाने ओढायचं. एकदा धार लागली की बॅरल रिकामा होईपर्यंत थांबत नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आसपास कॅपाडोशियाच्या अरेटियस नावाच्या वैद्याने असंच काहीसं लिहून ठेवलं आहे: या रोगात मांस आणि अवयव वितळून लघवीवाटे वाहून जातात, आणि रोग्याची तहान भागत नाही.

वर्णन ऐकायला भयंकर आहे, आणि अचूकही आहे. इन्सुलिन नसलं की रक्तातलं ग्लुकोज पेशींत शिरत नाही, रक्तातच साठतं. ते साधारण 180 च्या वर गेलं की मूत्रपिंडांना आवरत नाही. मग ते लघवीत उतरतं आणि उतरताना आपल्याबरोबर पाणी ओढून नेतं. म्हणून तहान, म्हणून सारखं लघवीला जाणं. पेशी मात्र उपाशी; मग शरीर स्वतःची चरबी आणि स्नायू जाळायला काढतं. माणूस खातो आणि वाळत जातो.

आता आपला शब्द बघा. 'मधुमेह'मधला मेह हा संस्कृतातल्या 'मिह्' या धातूचा. मिह् म्हणजे ओतणं, सिंचणं. 'मेघ' याच धातूपासून आला. म्हणजे ढगात आणि या आजारात एकच गोष्ट आहे, वाहून जाणारं पाणी. ग्रीकांनी नळी पाहिली, आपल्याकडच्यांनी पाऊस पाहिला. मात्र आपल्याकडच्यांनी आणखी एक गोष्ट फार लवकर टिपली: त्या पाण्याला मुंग्या लागतात. चरक आणि सुश्रुताच्या संहितांत मेहाचे वीस प्रकार सांगितले आहेत आणि त्यांत मधुमेह आहे, इक्षुमेहही आहे. इक्षू म्हणजे ऊस. युरोपात ही गोडी सतराव्या शतकात टॉमस विलिस या इंग्रज डॉक्टरने नोंदवली, चक्क चव घेऊन. आणि 1776 मध्ये मॅथ्यू डॉब्सनने ती लघवी आटवून खाली राहिलेली साखर दाखवली. पुढे ग्रीक 'डायबेटिस'ला लॅटिन 'मेलिटस' जोडलं गेलं. मेलिटस म्हणजे मधासारखं गोड. इंग्रजीला आपल्या 'मधु'पर्यंत पोचायला एवढा वेळ लागला.

गोड नसलेली, बेचव ती 'डायबेटिस इन्सिपिडस'. तिच्यातही तहान आणि धार तीच, पण साखरेचा संबंध नाही. तिचं कारण पाणी धरून ठेवणाऱ्या एका वेगळ्याच हार्मोनमध्ये असतं. या दोघींचं पहिलं नाव एक असल्यामुळे हॉस्पिटलांत गोंधळ होत राहिला. 'डायबेटिस' वाचून कर्मचारी साखर तपासत बसायचे आणि रोग्याला लागणारं औषध राहून जायचं; त्यात माणसं दगावलीही. शेवटी 2022 मध्ये अंतःस्रावी ग्रंथींच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी त्या आजाराचं नावच बदलायचं ठरवलं. मी हे वाचलं तेव्हा मला गुळाचा खडा आठवला. शब्दाने माणूस मरू शकतो, हे मानून जगभरच्या डॉक्टरांनी एक शब्द मागे घेतला होता.

आणि 'शुगर'? तो तर आपलाच. संस्कृत शर्करा, म्हणजे वाळू-खडा. तिचं फारसीत शकर, अरबीत सुक्कर, मग युरोपातून फिरून इंग्रजीत शुगर. अक्का तेलुगूत चक्केर म्हणतात, दुकानदार कन्नडमध्ये सक्करे, मी साखर म्हणते. सगळी एकाच घरातली. सात समुद्र ओलांडून गेलेली शर्करा परत आली ती आजार होऊन, म्हणून आपण तिला ओळखलं नाही आणि तिच्यासाठी वेगळा शब्द ठेवला. डब्यातली ती साखर, रक्तातली ती शुगर. खरं तर ही विभागणी फार सोयीची होती. पण ऐन वेळेला दोन्ही शब्द एकमेकांत मिसळतात आणि कुणीतरी हातातला गूळ काढून घेतं.

*

अक्कांना मी यातलं सगळं सांगितलं नाही. त्यांना आधी लाडवाचं उत्तर हवं होतं.

ऑक्टोबरच्या उन्हात पोरगा घटाघटा पाणी प्यायला लागला, तेव्हा घरात सगळ्यांनी म्हटलं, सोलापूरचं ऊन. रात्री अंथरूण ओलं करायला लागला तेव्हा त्याच्या आईने त्याला दोन धपाटे घातले; एवढा मोठा झालास तरी. गालफडं बसली तेव्हा अक्कांनी लाडू सुरू केले, अंगाला लागावं म्हणून. मग उलट्या झाल्या. जवळच्या एका ठिकाणी पोट बिघडल्याचं औषध मिळालं. दोन दिवसांनी त्याचा श्वास खोल आणि जोरजोरात चालायला लागला, तोंडाला पिकल्या फळासारखा वास यायला लागला, तेव्हा मोठ्या दवाखान्यात नेलं आणि तो चार दिवस आयसीयूत राहिला.

"अक्का, लाडू तुम्ही कधी सुरू केला? वाळायला लागल्यावर ना?"

"व्हय की."

"म्हणजे आजार आधी आला, लाडू मागनं आला."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी त्यांना तळ्याचं सांगितलं. सिद्धेश्वराचं देऊळ कसं तळ्याच्या पाण्यात उभं आहे, तशी पोटात जठराच्या मागे एक ग्रंथी आहे, स्वादुपिंड, आणि तिच्यात अशी बारीक बारीक बेटं आहेत. 1869 मध्ये लँगरहान्स नावाच्या एका जर्मन विद्यार्थ्याला ती पहिल्यांदा दिसली. इन्सुलिन तिथं बनतं. त्याचं नावच बेटावरून आलं. लॅटिनमध्ये इन्सुला म्हणजे बेट. तुमच्या नातवाच्या शरीराच्या पहारेकऱ्यांनी चुकून ती बेटंच शत्रूची समजून उद्ध्वस्त केली. लाडवाने नाही, चॉकलेटने नाही, त्याच्या आईच्या धपाट्याने तर नाहीच. कुणाच्याही हातून झालेलं नाही.

त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि मग विचारलं, "मग त्याला शुगर का म्हणत्यात?"

मला उत्तर देता आलं नाही. पुरेसं सोपं आणि पुरेसं खरं असं नाव आपण त्या आजाराला दिलेलंच नाही. 'मधुमेह' भिंतीवरच्या पोस्टरवर राहिला, 'डायबेटिस' फाईलमध्ये, आणि तोंडात राहिली शुगर.

एक मात्र सांगितलं, कारण ते ऐकून माणसाला उभं राहायला जागा मिळते. शंभर वर्षांपूर्वी अशी पोरं वाचत नव्हती. टोरोंटोत 1922 च्या जानेवारीत लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं. पहिल्या इंजेक्शनने जमलं नाही, अर्क पुरेसा शुद्ध नव्हता. बारा दिवसांनी पुन्हा दिलं आणि साखर उतरली. ज्यांनी ते शोधलं, त्यांतल्या बँटिंगने पेटंटवर आपलं नावही घातलं नाही आणि त्याच्या साथीदारांनी ते विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकलं. त्या बँटिंगचा वाढदिवस 14 नोव्हेंबर. आमच्या शाळांत त्या दिवशी बालदिन असतो.

*

मग चिठ्ठी. आणि तिथं माझं इंग्रजी अडलं.

पहिलं वाक्य हाताने आपोआप लिहिलं: 'माय सन इज सफरिंग फ्रॉम डायबेटिस.' आपण सगळे हेच शिकलो. आठवीतल्या रजेच्या अर्जात 'आय ॲम सफरिंग फ्रॉम फिव्हर' लिहिलं नाही असा महाराष्ट्रात कुणी नसेल. पण ताप तीन दिवसांचा असतो. या पोराला हे सत्तर वर्षं बाळगायचं आहे, आणि सत्तर वर्षं तो 'सफर' करत राहणार असं मी त्याच्या शाळेला का सांगावं? खोडलं.

दुसरं: 'ही इज अ डायबेटिक.' व्याकरणात बसतं. पण त्यात पोरगा नाहीसा होतो, उरतो तो आजार. मराठीतही आपण 'शुगरवाला' म्हणतो, तेव्हा हेच करतो. अनेक मोठी माणसं स्वतःला अभिमानाने डायबेटिक म्हणवतात, तो त्यांचा हक्क आहे. नऊ वर्षांच्या मुलाला मात्र ते नाव दुसऱ्याने चिकटवू नये. तेही खोडलं.

'ही हॅज टाईप वन डायबेटिस.' एवढंच. त्याच्याजवळ दप्तर आहे, चष्मा आहे, टाईप वन डायबेटिस आहे. आणि 'टाईप वन' लिहायचंच, कारण नुसतं 'डायबेटिस' वाचलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे सकाळी होम मैदानावर चालणारे काका येतात. आमच्या मुलांना मी हेही सांगते की शेवटी 'स' ऐकू आला म्हणून तो शब्द अनेकवचनी नाही. 'डायबेटिस इज', 'आर' नव्हे. तो 'स' ग्रीक आहे, इंग्रजीने लावलेला नाही.

पुढची वाक्यं भराभर आली. त्याला पाणी पिऊ द्यावं. लघवीला जायची परवानगी मागितली तर त्याच वेळी द्यावी. ठरल्या वेळी डब्यातलं खाऊ द्यावं. शेवटचा परिच्छेद मी तीनदा लिहिला. त्याला घाम आला, तो थरथरू लागला, असंबद्ध बोलू लागला किंवा अचानक चिडचिडा झाला, तर त्याला ताबडतोब साखर द्या. तीन चमचे, पाण्यात विरघळवून. पंधरा मिनिटांनी बरं वाटलं नाही तर पुन्हा द्या. एकटं सोडू नका. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, दवाखान्यात न्या. 'गिव्ह हिम शुगर' या तीन शब्दांखाली मी रेघ मारली.

अक्कांनी ते मला मराठीत वाचून दाखवायला लावलं. मग म्हणाल्या, पहिला शब्द सांगा, तो आजाराचा. "डाय-बे-टिस," मी म्हटलं. त्यांनी दोनदा घोळवला. लहानपणी तेलुगू शाळेत चार इयत्ता झाल्या होत्या त्यांच्या. माझ्याकडून पेन घेतलं आणि फाईलच्या पुठ्ठ्यावर आतल्या बाजूने, गोल गोल अक्षरांत, सावकाश तो शब्द लिहिला. त्याखाली आणखी एक. मी विचारलं हे काय? "इन्सुलिन," म्हणाल्या. "दवाखान्यातल्या पोरीनं चारदा सांगितलं होतं, ध्यानात राहत नव्हतं. आता बेटाचं म्हणून राहील."

बाहेर अंधार पडला होता. अक्कलकोट रोडकडून उसाच्या ट्रॅक्टरची धडधड येत होती. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला होता.

*

दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत मला एक फोन आला. पोराची वर्गशिक्षिका. चिठ्ठीखाली मी मुद्दाम माझा नंबर दिला होता. आवाजावरून नवी, तरुण वाटली, आणि अवघडलेली.

"मॅडम, सॉरी हं, तुमची चिठ्ठी वाचली. शेवटी एक चूक झालीय बहुतेक. 'शुगर द्या' असं आलंय. तिथं 'देऊ नका' पाहिजे होतं ना? त्याला शुगर आहे ना?"

मी वर्गाच्या पायरीवर बसले आणि तिला आषाढी एकादशीची दुपार सांगितली. घाम, थरथरते हात, मावशीच्या नावाने मारलेली हाक, गुळाचा डबा. खडा मी कसा काढून घेतला तेही सांगितलं. ती मधे काही बोलली नाही.

सांगून झाल्यावर क्षणभर शांतता होती. मग तिनं विचारलं, "तीन चमचे म्हणजे चहाचे ना, मॅडम?"

"चहाचे."

"एक मिनिट हं," ती म्हणाली, आणि मला पलीकडे ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला. ती कुणाला तरी स्टाफरूममधून साखर आणायला सांगत होती.